डॉक्टरांच्या सासूबाईंचे दात

जिचा जावई दातांचा डॉक्टर, तिच्याच तोंडात वरचे तीन दात नसावेत, याला दिव्याखाली अंधार म्हणायचं की आणखी काही, यावर गल्लीत बरीच चर्चा होऊन गेली होती. चर्चेला काही पैसे पडत नाहीत. ठकठक मावशींच्या दुकानावरून जाणारा प्रत्येक जण आत डोकावून एवढं तरी म्हणायचाच, "मावशी, घरचा डॉक्टर आहे की! मग घोडं अडलंय कुठे?" मावशी उत्तर द्यायच्या नाहीत. द्यायचं नसायचं असं नाही, तोंड भरलेलं असायचं.

तोंडात असायचे खिळे. मावशी जुन्या खुर्च्या आणि सोफे नव्याने मढवून द्यायच्या. सकाळी कामाला बसल्या की चपट्या डोक्याच्या बारीक खिळ्यांची एक चिमूट तोंडात जायची. डाव्या हाताने कापड ताणून धरायचं, उजव्या हातात हातोडी, मग खिळा धरायला तिसरा हात आणायचा कुठून? तो तिसरा हात म्हणजे तोंड. जीभ आतल्या आत एकेक खिळा फिरवून त्याचं डोकं ओठांशी आणून ठेवायची. हातोडीच्या एका टोकाला लोहचुंबक, त्याने तो उचलायचा आणि कापडात रुतवायचा, की हातोडी फिरवून दुसऱ्या टोकाने पक्का बसवायचा. ठक, ठक. मावशींचं खरं नाव आता फक्त बँकेला माहीत होतं.

तोंडात खिळे असलेली बाई बोलत नाही, आणि जी बोलत नाही तिला लोक सगळं सांगतात. गल्लीतल्या निम्म्या भानगडी मावशींच्या पोटात होत्या. ही बाई मुलखाची अबोल आहे असा सगळ्यांचा समज. तो साफ खोटा होता. मावशींना बोलायला मनापासून आवडायचं. दुपारी खिळे वाटीत थुंकून त्या डबा उघडायच्या आणि सकाळपासून साचलेली उत्तरं एका दमात देऊन टाकायच्या. ज्याला द्यायची तो माणूस तोवर घरी जाऊन झोपलेला असला तरी त्यांना फरक पडत नसे.

हे काम मुळात नवऱ्याचं. तो गेला तेव्हा मुलगी शाळेत होती. कापडाचा घाऊक व्यापारी सांत्वनाला आला आणि जाता जाता म्हणाला, "दुकान विका वहिनी, बाईच्या हातात हातोडी शोभत नाही." मावशी म्हणाल्या, "शोभेसाठी धरलीच नाही, पोटासाठी धरलीय." त्या हातोडीवर मुलगी शिकली, मोठी झाली आणि तिने दातांचा डॉक्टर पटकावला. जावयाने दवाखाना थाटला तेव्हा मावशींनी बाहेरची बाकं तर मढवलीच, पण आतली पेशंटची आडवी खुर्चीसुद्धा, जी त्याने जुनीच विकत घेतली होती, ती उशापासून पायापर्यंत नव्याने मढवून दिली. लोक म्हणाले, नशीब काढलं हो मावशींनी, आता म्हातारपणी दातांची चिंता नाही.

आता या नात्यातली अडचण लोकांना कोण सांगणार? जावयासमोर मावशी इतकी वर्षं कधी खदखदून हसल्याही नव्हत्या. समोर आले की "बसा जावईबापू" म्हणायचं, खुर्ची पुसायची आणि आत निघून जायचं. त्या माणसासमोर घसा दिसेपर्यंत आ वासायचा, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती. म्हणून पहिला दात हलला तेव्हा त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दुसरा पडला तेव्हा त्या डाव्या बाजूने खाऊ लागल्या, तिसरा पडला तेव्हा उजव्या. दात असे एकेक करून सोडून जात होते आणि बाई लाजेखातर गप्प होती. शहाणपण म्हणता येणार नाही, पण झालं खरं असं.

चौथा दात पावाने तोडला. खिळ्याने तोडला असता तर मावशींनी त्याला शहीद म्हटलं असतं, पण साध्या शिळ्या पावाची कड आणि तीही चहात बुडवलेली! मावशींनी तो अर्धा दात तळहातावर घेतला आणि त्यांना भयंकर राग आला. तोंडावर रुमाल धरून त्या तडक दवाखान्यात गेल्या.

"आई, थोडं मोठं उघडा," डॉक्टर म्हणाले. त्यांचेही कान लाल झाले होते. सासूबाईंच्या तोंडात आरसा घालायची वेळ त्यांच्यावरही पहिल्यांदाच आली होती. मावशींनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि उघडलं एकदाचं.

डॉक्टरांनी बघितलं, एक्स-रे काढला, परत बघितलं. माणूस वाईट नव्हता. हात हलका, बोलणं गोड. "हिरड्या फार सुजल्यात आई. वरचे जवळजवळ सगळेच हलतायत. हे सगळे काढून टाकू आणि छानपैकी कवळी बसवू. तुम्हाला एक पैसा द्यायचा नाही."

"पक्के नाही का बसवता येत? ते हाडात स्क्रू घालून?"

"इम्प्लांट? ते काम मी नाही करत. मोठ्या शहरातून तज्ज्ञ बोलवावा लागतो. त्याचे पैसे ऐकलेत तर उरलेले दातही पडतील." ते हसले. मग हातमोजे काढत, सहज, हवापाण्याविषयी बोलावं तसं म्हणाले, "आणि या वयात कशाला एवढा खटाटोप?"

मावशींनी हे वाक्य जसंच्या तसं उचलून मनात ठेवलं. वरकरणी एवढंच विचारलं, "कवळीने टाळू झाकली जाईल का?"

"वरची म्हटल्यावर झाकली जाणारच."

"मग खिळे कसे कळायचे मला? जिभेने खिळा टाळूला लावून फिरवते मी. मध्ये प्लास्टिक आलं तर एखादा पोटात जायचा."

"खिळे सोडा आता आई. सगळे लोक पिनांची बंदूक वापरतात."

बंदूक मावशींकडेही होती. नव्या सोफ्यांना त्या ती वापरायच्या. पण जुन्या लाकडाला पिनांनी चिरा जातात, आणि मावशींकडे येणारी गिऱ्हाइकं आजोबांच्या खुर्च्या घेऊन येत. पण जावयासमोर एवढं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या रुमाल लावून घरी आल्या.

यानंतर एके दिवशी दुकानात गल्लीतला टॅक्सीवाला आला. गाडीची पुढची सीट फाटली होती, तीच खांद्यावर घेऊन आला. वर्षापूर्वीपर्यंत हा माणूस मिशीआडून बोलायचा, कारण मिशीच्या आत सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता मिशी गायब आणि दात पांढरेशुभ्र, न्हाणीघराला नवी फरशी लावल्यासारखे. शेजारच्या म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेत तो हसऱ्या तोंडाने चालला म्हणून लोक रागावले होते. त्यात त्याचा दोष नव्हता, ओठच पुरत नव्हते.

मावशींनी खिळे वाटीत थुंकले. "कुठून केलेस रे?"

"परदेशातून. लोक तिकडून अत्तरं आणतात, मी दात आणले." त्याने सीट खाली ठेवली आणि खुशीत येऊन सगळं सांगितलं. इथे जेवढ्यात एका बाजूचं काम होतं तेवढ्यात तिकडे दोन्ही बाजू होतात आणि येण्याजाण्याचं तिकीटही निघतं. दोन फेऱ्या कराव्या लागतात, एकदा स्क्रू आणि काही महिन्यांनी दात. दवाखान्यात आपली भाषा बोलणारी एक बाईसुद्धा ठेवली आहे, कारण इथून जाणाऱ्यांची रांगच लागलेली असते. "आणि मावशी, तिकडे कोणी वय विचारत नाही. फक्त जबडा विचारतात."

हे शेवटचं वाक्य मावशींच्या काळजाला भिडलं.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात हाच एक किडा वळवळू लागला. विमान त्यांनी फक्त आभाळात पाहिलेलं. परका देश, परकी खुर्ची, तोंडात परक्याचे हात. पण खरं सांगायचं तर परक्याचे हात ही त्यातली सर्वांत सोयीची गोष्ट होती. ज्याला खुर्ची पुसून द्यावी लागत नाही त्याच्यासमोर आ वासायला कसली आलीय लाज?

टॅक्सीवाल्याने त्याच्या फोनवरून तिकडच्या बाईला लावून दिलं. पडद्यावर ती दिसली, गोड आवाजात म्हणाली, "आजी, तुम्हाला कसं हास्य हवंय?"

"हसायचं माझं मी बघते. टाळू उघडी राहील का ते आधी सांगा."

बाईला प्रश्न कळेना. तेव्हा मावशींनी सरळ खिळ्यांची चिमूट तोंडात टाकली, फोन टॅक्सीवाल्याच्या हातात दिला आणि समोरच्या खुर्चीवर पाच-सहा खिळे ठोकून दाखवले. बाई किंचाळली. मग तिने डॉक्टरला बोलावलं. तो टकला, जाड चष्म्याचा माणूस पडद्याला नाक लावून बघत राहिला आणि बोटाने खूण केली, परत करा. मावशींनी परत केलं. तो काहीतरी बोलला.

"डॉक्टर म्हणतात, टाळू उघडी राहील. पण खिळा दाताने चावायचा नाही."

"जन्मात चावला नाही. माझा दात पावाने तोडलाय, सांगा त्यांना."

डॉक्टरने आणखीही सांगितलं. आधी हिरड्या साफ कराव्या लागतील, त्या बऱ्या झाल्याशिवाय पुढचं काही नाही. एखादा स्क्रू हाडात न रुजण्याची शक्यता आहे. मधले महिने तात्पुरत्या दातांवर काढावे लागतील. आणि इथला एक्स-रे पाठवा. टॅक्सीवाल्याचा चेहरा पडला, त्याला वाटलं मावशी आता घाबरणार. मावशींना उलट बरं वाटलं. "सगळं झकास होईल" म्हणणाऱ्या कारागिरावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

पैशांचा प्रश्न होता, आणि नव्हताही. शेवटच्या आजारपणासाठी म्हणून त्यांनी थोडे बाजूला टाकले होते. एके दुपारी डबा पुढ्यात घेऊन त्या विचार करत बसल्या. डब्यात पेज होती, काल पेज, परवा उकडून कुस्करलेला बटाटा. मरताना खाटेवर पडून जे खायचं ते आतापासूनच खायचं, आणि त्या खाटेसाठी पैसे राखून ठेवायचे, हा कुठला न्याय? आजारपण आलं तर येऊ दे, ते काय बँकेत विचारून येणार आहे?

पण एक्स-रे होता जावयाच्या दवाखान्यात. मावशी काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "माझ्या फोटोची प्रत दे गं." मुलीने भाबडेपणाने विचारलं, कशाला. मावशींना लपवालपवी यायची नाही, इतकी वर्षं खिळ्यांनीच ते काम केलेलं. त्या म्हणाल्या, "परदेशात पाठवायचाय." दवाखान्यात त्या वेळी पेशंट बसलेले होते. संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे झाली.

मुलगी दुकानात आली ती वादळासारखी. चपला काढायचंही भान नव्हतं.

"आई, तू आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस का? दातांच्या डॉक्टरची सासू दातांसाठी परदेशात जाते? उद्या ह्यांच्याकडे येईल कोण? ह्यांनी पाटी उतरवून ठेवायची का?"

"मी काय ह्यांच्या पाटीवर जेवते?"

"ते फुकट करून देतायत ना?"

"फुकट काय देतायत ते बघ की. कवळी. मला कवळी नकोय."

"सगळे लोक वापरतात. थोडं मऊ खायचं, थोडी सवय करायची. आता तुझे असे किती..." मुलगी थांबली. तिचं तिलाच कळलं.

"किती दिवस उरलेत, असंच ना?" मावशींनी हातोडी खाली ठेवली. "अगं, कमी उरलेत म्हणून मऊ खायचं? कमी उरलेत म्हणूनच कडक खायचं. पुढे वेळ मिळणार आहे का मला?"

मुलगी रडायला लागली. मावशींनाही भडभडून आलं. लेकीचा संसार त्या पाटीवर उभा होता, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच! डोळे पुसून मुलगी हळूच म्हणाली, "आणि तिकडून आल्यावर काही बिघडलं तर? हे म्हणतात, दुसऱ्याच्या कामाला मी हात लावत नाही. मग जाशील कोणाकडे?"

मावशींनी हातोडी परत उचलली. खरी भीती त्यांना याच एका गोष्टीची होती. स्क्रू ढिला झाला तर परत विमानात बसायला पैसे नव्हते. मुलगी निघताना म्हणाली, "रविवारी जेवायला ये. सगळ्यांसमोर काय ते बोलून टाकू."

सगळ्यांसमोर म्हणजे विहीणबाईंसमोर. डॉक्टरांच्या आई पूर्वी शाळेत शिकवायच्या. बारीक, नेटक्या, इस्त्रीच्या कपड्यांतल्या. त्यांना लेकानेच कवळी बसवली होती. हसल्या की दात आधी हसायचे आणि मागून विहीणबाई. जेवायला बसल्या की चिमणीएवढं खायच्या आणि म्हणायच्या, "मला बाई भूकच नसते." मावशी घरी येऊन त्यांची नक्कल करत. आयुष्यभर खुर्चीत बसून शिकवलं, भूक कुठून लागणार, असं त्यांचं मत होतं.

रविवारी टेबलावर भाजलेलं मांस होतं, वर तीळ लावलेले कडक पाव होते. मावशींपुढे आणि विहीणबाईंपुढे मात्र लेकीने काळजीने सूप आणि उकडलेला भोपळा ठेवला होता. मावशींनी त्या भोपळ्याकडे बघितलं आणि भोपळ्यानेही त्यांच्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी सुरुवात शांतपणे केली. तिकडे घाईघाईत कामं उरकतात, पेशंट परत आला की जबाबदारी कोणाचीच नसते, असे तिघं त्यांच्याकडे रडत आले होते. "आई, मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

"तुमचं म्हणणं खोटं नाही जावईबापू. पण मी तिकडच्या डॉक्टरला सगळं विचारून घेतलंय. काय बिघडू शकतं तेही त्याने सांगितलंय."

"आणि लोक काय म्हणतील, ते विचारलंत का?"

"लोकांचं तोंड लोकांपाशी. मला माझ्या तोंडाने जेवायचंय."

मुलीने टेबलाखालून पाय मारला. डॉक्टरांचा आवाज चढला. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही, एवढंच ना? बाहेरचे लोक माझ्याकडे डोळे मिटून येतात, आणि घरच्या माणसाला मी चालत नाही! अहो, मी माझ्या सख्ख्या आईला कवळी दिली. ती कधी एका शब्दाने काही म्हणाली? विचारा तिला. ही बसलीय समोर."

सगळ्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या चमच्याने सूप ढवळत होत्या. त्यांनी चमचा ठेवला, हातरुमाल तोंडाशी नेला, खाली वाकल्या, आणि वर आल्या तेव्हा चेहरा निम्मा आत गेलेला होता. कवळी त्यांनी रुमालावर ठेवली, वरची आणि खालची, पावाच्या ताटलीशेजारी. शब्द सगळे हवेतून फसफसत निघत होते, पण एकही शब्द कोणाला ऐकू आला नाही असं झालं नाही.

"तू कधी विचारलंस मला?"

"अगं, पण तू कधी तक्रारच केली नाहीस."

"तुझा दवाखाना नवीन होता. तू बनवलेली पहिली कवळी ही. येईल त्याला तू मला दाखवायचास, बघा, माझ्या आईला मीच बसवलीय. मी हसून दाखवायची. मग तक्रार कुठल्या तोंडाने करू?"

"टोचते का तुला?"

"डावीकडे. खालची. पहिल्या दिवसापासून."

"इतकी वर्षं?" डॉक्टर उठून उभे राहिले होते. का उभे राहिलो ते त्यांनाही कळलेलं दिसत नव्हतं. "अगं, दहा मिनिटांचं काम होतं. घासून दिली असती."

"तुझ्या कामात खोट काढायची म्हणजे..." विहीणबाई थांबल्या, श्वास घेतला. "मला भूक लागते रे. भूक नसते असं मी सांगते. तुम्ही सगळे ते पाव कुडुमकुडुम खात असता आणि मला इतकी भूक लागते."

मावशींनी घरून निघताना मनात भांडणाची पुरती तयारी केली होती, एकेक उत्तर धार लावून ठेवलं होतं. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. या बाईच्या भुकेच्या आपण नकला केल्या, याची त्यांना लाज वाटली. आणि त्याबरोबरच असा संताप आला की, हातात हातोडी असती तर काहीतरी ठोकलंच असतं. बायका अशा का वागतात? लेकाच्या पाटीसाठी एकीने उपाशी राहायचं, जावयाच्या पाटीसाठी दुसरीने पेज प्यायची, आणि वर म्हणायचं, सवय होते!

विहीणबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "तुम्ही जा. मी त्या वेळी बोलले नाही. तुम्ही बोलताय, तर आता मागे फिरू नका. इकडे काही बिघडलं तर हा बघेल."

"आई, मी दुसऱ्याच्या कामाला..."

"तू बघशील," विहीणबाई वर्गात म्हणायच्या तशा म्हणाल्या. डॉक्टर खाली बसले.

"जाणार तर मी आहेच," मावशी म्हणाल्या. "आणि जावईबापू, काही बिघडलं तर मी तुमच्याच दवाखान्यात येऊन बसेन. मागल्या दाराने नाही, पेशंटच्या रांगेत. हात लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी उठणार नाही."

डॉक्टरांनी रुमालावरची खालची कवळी उचलून तिच्या डाव्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एक्स-रे जुना पाठवू नका. उद्या या, नवीन काढून देतो. हिरड्याही इथेच साफ करून घ्या, तिकडचे तेवढे पैसे वाचतील." एवढं बोलून ते कवळी घेऊन उठले आणि जेवण तसंच टाकून दवाखान्यात गेले.

मावशी गेल्या. दोनदा गेल्या. पहिल्या खेपेला विमान उडताना त्यांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थाचा हात इतका घट्ट धरला, की उतरेपर्यंत दोघांची ओळख झाली. एक स्क्रू खरोखरच रुजला नाही, तो दुसऱ्या जागी बसवावा लागला, आणि त्या दिवसांत मावशींनी टॅक्सीवाल्याला, विमानाला आणि स्वतःच्या हट्टालाही भरपूर शिव्या दिल्या. दुसऱ्या खेपेला टकल्या डॉक्टरने रंगांचे नमुने समोर धरले. मावशींनी पांढरेशुभ्र बाजूला सारले. म्हणाल्या, वापरातले वाटले पाहिजेत, मी काही अंत्ययात्रेत हसत फिरणार नाही. हे त्या बाईने भाषांतर करून सांगितलं की नाही, कोण जाणे.

जावयाची पाटी जागच्या जागी राहिली. पहिले काही दिवस लोक मुद्दाम विचारायचे, "काय डॉक्टर, सासूबाई परदेशात?" डॉक्टर सांगू लागले, "हो. स्क्रूचं काम माझ्याकडे होत नाही. आणि कवळी त्यांना चालणार नव्हती." इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर लोकांची मजाच गेली, आणि त्यांनी दुसरा विषय शोधला. आता कवळी घेऊन जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला डॉक्टर आठवड्याने परत बोलावतात आणि विचारतात, कुठे टोचते ते खरं सांगा. आईची कवळी त्यांनी घासून दिली. टोचणं थांबलं. पण हाड इतकं झिजलंय, की ती अजून हलते. खालच्या जबड्यात काही करता येईल का, ते बघतायत.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी विहीणबाईंकडे गेल्या. वाटेत मनात शब्द जुळवत होत्या, कारण तोंडभर दात घेऊन या बाईसमोर बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. विहीणबाईंनी दार उघडलं, त्यांना सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि खुर्चीवर बसवलं. टेबलावर एक सफरचंद होतं. धुतलेलं, पुसलेलं, न चिरलेलं.

"खा," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मला ऐकायचंय."

मावशींनी सफरचंद उचललं. काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी चावलं. कचकन आवाज झाला, रस हनुवटीवर आला. विहीणबाईंनी डोळे मिटून घेतले. मावशी चावायच्या थांबल्या. घास तोंडात तसाच धरून त्या विहीणबाईंच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिल्या, आणि त्यांना वाटलं, आता हे आपल्याच्याने गिळवणार नाही.

"थांबलात का?" विहीणबाईंनी डोळे न उघडताच विचारलं. "अजून."